टॉरेंट लावलं की घरातलं नेट का जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातल्या एका लहान फायबर ऑफिसात मी तक्रारींचे फोन घेतो आणि गरज पडली तर घरी जाऊन बघतो. "नेट सारखं जातंय" या एका वाक्यामागे कधी तुटलेली फायबर असते, कधी बिघडलेला अडॅप्टर, कधी भिंतीआड ठेवलेला राउटर. पण काही घरांत लाइन ठणठणीत असते, राउटर धडधाकट असतो, आणि तरी रोज संध्याकाळी नेट कोसळतं. तिथे एखाद्या कॉम्प्युटरवर टॉरेंट, म्हणजे मोठ्या फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घेणारं सॉफ्टवेअर, चालू असतं. "ते काढून टाका" एवढं सांगून फोन ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही, कारण पाच-दहा मिनिटांच्या सेटिंगने टॉरेंट आणि घरच्यांचं नेट दोन्ही नीट चालतं. लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

टॉरेंट सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नेट जातं. राउटर ऑफ-ऑन केला की येतं. हे नक्की काय होतं?

बहुतेक वेळा राउटरची नोंदवही भरलेली असते. घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. बाहेरून आलेलं उत्तर घरात कोणाला द्यायचं हे कळावं म्हणून राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो. या नोंदींच्या तक्त्याला नॅट टेबल म्हणतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर ठेवतो तसंच हे, फक्त या रजिस्टरची पानं मोजकी आहेत. अनेक स्वस्त राउटरमध्ये ४,०९६ किंवा ८,१९२ नोंदी मावतात, फार जुन्यांत त्याहूनही कमी.

ब्राउझरमध्ये बातम्यांचं एक पान उघडलं तर काही डझन नोंदी होतात आणि थोड्या वेळात पुसल्या जातात. टॉरेंटचं तसं नाही. एकच फाइल तुकड्यातुकड्यांनी शेकडो अनोळखी कॉम्प्युटरकडून घ्यायची, ही त्याची रचनाच आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेंट आणलं ते याच कल्पनेवर, की एका सर्व्हरवर सगळा भार टाकण्याऐवजी घेणाऱ्यांनीच एकमेकांना द्यावं. शिवाय डीएचटी नावाची सोय सतत नवीन माणसं शोधत असते आणि त्यासाठी जगभर छोटे छोटे यूडीपी संदेश पाठवते. प्रत्येक संदेश नव्या पत्त्याला जातो, म्हणजे प्रत्येकाची नवी नोंद. पाच-सहा टॉरेंट एकदम लावली की रजिस्टर भरायला फार वेळ लागत नाही.

भरल्यावर राउटर नवीन कनेक्शन टाकून देतो. तुम्हाला वाटतं नेट गेलं. ऑफ-ऑन केलं की रजिस्टर कोरं होतं आणि पुढची पंधरा मिनिटं सुखाची जातात.

पण डाउनलोडचा वेग तर अगदीच कमी दाखवत होता. मग भार कसला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. वेग आणि कनेक्शनांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणीच फाइल देत नसेल तर वेग शून्याजवळ असतो, पण देणाऱ्याच्या शोधात सॉफ्टवेअर जास्तच दारं ठोठावत असतं. मरायला टेकलेलं, कोणीच सीड करत नसलेलं (म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून इतरांना देत नसलेलं) टॉरेंट तासन्तास चालू ठेवलं तर पदरात काही पडत नाही आणि राउटरला मात्र फुकटचं काम लागतं.

टॉरेंट बंद केलं तरी नेट लगेच का येत नाही?

जुन्या नोंदी पुसल्या जायला वेळ लागतो. बहुतेक घरगुती राउटर आतून लिनक्सवर चालतात. लिनक्समध्ये चालू टीसीपी (पोचपावती घेत माहिती पाठवायची नेहमीची पद्धत) कनेक्शनची नोंद, दुसऱ्या बाजूने काहीच हालचाल झाली नाही तरी, मूळ सेटिंगप्रमाणे ४,३२,००० सेकंद ठेवली जाते, म्हणजे पूर्ण ५ दिवस. राउटर बनवणारे बरेचदा हा आकडा खाली आणतात, पण सगळेच आणत नाहीत. त्यात सॉफ्टवेअर नीट बंद न करता लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटलं, तर "मी चाललो" हा निरोपही कोणाला जात नाही आणि अर्धवट नोंदी तशाच पडून राहतात. म्हणून टॉरेंट आधी मेनूतून बंद करा, मग लॅपटॉप मिटा. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली तर ते बऱ्याचदा घड्याळाशेजारी लपून चालूच राहतं, तेही बघा.

आमच्याकडे नेट पूर्ण जात नाही, पण व्हिडिओ कॉल तुटक होतो, आवाज रोबोटसारखा येतो. हेही तेच का?

नाही, हा दुसरा आजार आहे आणि याचं औषधही वेगळं आहे. इथे रजिस्टर भरलेलं नसतं, अपलोडची रांग तुंबलेली असते.

टॉरेंट घेतं तसं देतंही. मर्यादा घातली नाही तर ते अपलोडची सगळी वाट व्यापून टाकतं. आता तुम्ही म्हणाल, मी तर नुसता व्हिडिओ बघतोय, मला अपलोड कशाला लागतं? लागतं. इंटरनेटवर बरीचशी माहिती पोचपावतीवर चालते. सर्व्हर काही तुकडे पाठवतो, तुमचा फोन "मिळाले" असं कळवतो, मग पुढचे येतात. ही पोच बाहेर जाते ती अपलोडच्याच वाटेने. ती वाट टॉरेंटच्या गठ्ठ्यांनी भरली की इवलीशी पोच त्यांच्या मागे उभी राहते आणि डाउनलोडही मंदावतो. व्हिडिओ कॉलमध्ये तर तुमचा आवाज आणि चेहरा, दोन्ही त्याच रांगेत.

रांग किती लांब होऊ शकते याचा हिशेब सोपा आहे. समजा राउटरमध्ये १ एमबी माहिती रांगेत ठेवायची जागा आहे आणि अपलोड १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट, आहे, जसा जुन्या तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला असायचा. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट, म्हणजे शेवटच्या गठ्ठ्याला बाहेर पडायला ८ सेकंद. अपलोड १० एमबीपीएस असेल तर तीच रांग ०.८ सेकंदांची होते. तेवढ्यानेही बोलणारी दोन माणसं एकमेकांचं वाक्य तोडू लागतात.

या तुंबण्याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव जिम गेटिस या अनुभवी कॉम्प्युटर अभियंत्याने २०१० साली दिलं. घरून मोठ्या फाइल पाठवताना घरातलं नेट संथ होतं, मुलं कुरकुरतात, हे त्यांनी पाहिलं आणि मुळाशी गेले. तेव्हा लक्षात आलं की "माहिती हरवू नये" म्हणून उपकरणांत भरमसाट जागा ठेवली गेली आणि त्यानेच विलंब वाढला. इतक्या अनुभवी अभियंत्याच्या घरातही हीच तक्रार होती, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्यालाच काही कळत नाही असं वाटून घ्यायचं कारण नाही.

आमचा आजार यातला कोणता, हे घरी कसं ओळखायचं?

लक्षणं नीट बघा. चालू असलेला कॉल व्यवस्थित सुरू आहे, आधीपासून लागलेला व्हिडिओही पुढे सरकतोय, पण नवं पान काही केल्या उघडत नाही, असं असेल तर रजिस्टर भरलंय. पुष्कळदा राउटरच्या सेटिंगचं पानसुद्धा उघडत नाही, म्हणून लोकांना राउटर हँग झाल्यासारखा वाटतो. उलट सगळं उघडतंय पण उशिरा, कॉल तुटतोय, गेममध्ये पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) शेकड्यांत गेलाय, तर रांग तुंबली आहे.

खात्री करायची तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग कमांड देऊन राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत ८.८.८.८ टाका. टाइप अर्थातच इंग्रजी आकड्यांत करायचं. शेवटी एक जागा सोडून डॅश आणि टी हे अक्षर लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतो. शक्यतो हे लॅनच्या केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर करा. टॉरेंट बंद असताना दोन मिनिटं आकडे बघून ठेवा, मग टॉरेंट सुरू करा.

राउटरचा पिंग १-२ मिलिसेकंदांवर स्थिर आणि बाहेरचा मात्र १५ वरून ६०० वर गेला तर अपलोडची रांग. दोन्ही पिंग छान चालू आहेत, पण तिसरी खिडकी उघडून एखाद्या नव्या पत्त्याला पिंग केला तर उत्तर येत नाही, तर रजिस्टर. राउटरचाच पिंग अधूनमधून गळतोय तर वायफाय, सैल केबल किंवा राउटर दोषी. राउटर नीट उत्तर देतोय आणि बाहेरचा पिंग टॉरेंट बंद असतानाही तुटतोय, तर तुमचा दोष काहीच नाही, आम्हाला फोन करा.

मग सेटिंग नेमकी काय ठेवू?

क्यूबिटटॉरेंट धरून सांगतो, कारण ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि जाहिराती दाखवत नाही. बाकी सॉफ्टवेअरमध्येही हेच पर्याय थोड्या वेगळ्या नावाने सापडतात.

टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात कनेक्शन. तिथे एकूण कनेक्शनांची मर्यादा मूळची ५०० असते आणि एका टॉरेंटची १००. त्या अनुक्रमे १२० आणि ४० करा. इतक्याने डाउनलोड संथ होईल ही भीती मनातून काढा. चांगलं सीडिंग असलेल्या फाइलला वीस-तीस चांगले दाते पुरतात. ट्रान्समिशन या दुसऱ्या टॉरेंट सॉफ्टवेअरमध्ये मूळ मर्यादा २०० आणि ५० अशा आधीच आवरत्या आहेत, तरी राउटर जुना असेल तर तिथेही कमी करा.

त्यानंतर स्पीड. टॉरेंट बंद ठेवून दोन-तीनदा स्पीड टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा लिहून घ्या. त्याच्या ७० ते ८० टक्के एवढीच अपलोड मर्यादा ठेवा. इथे एकक चुकवणारे फार भेटतात. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये बोलते आणि टॉरेंट किलोबाइटमध्ये. समजा अपलोड २० एमबीपीएस आला. २० गुणिले १,००० भागिले ८ म्हणजे २,५०० किलोबाइट दर सेकंदाला. त्याचे ७५ टक्के १,८७५, तर खोक्यात १,८०० लिहा. शून्य मात्र लिहू नका. शून्याचा अर्थ "काहीच देऊ नको" असा नसून "मर्यादा नाही" असा आहे. एका गृहस्थांनी अपलोड बंद करायचं म्हणून शून्य टाकलं होतं आणि महिनाभर तेच नेट तुंबवत होतं.

मग एकाच वेळी किती टॉरेंट चालू राहावीत तो आकडा २ किंवा ३ वर आणा. बाकीची रांगेत थांबतात आणि आपापल्या पाळीने उतरतात. एवढं करूनही रजिस्टर भरत असेल तर डीएचटी एक दिवस बंद ठेवून बघा. फरक पडला तर कारण सापडलं.

याशिवाय वेळापत्रकाची सोय जरूर वापरा. सकाळी ८ ते रात्री ११ कमी मर्यादा आणि रात्री मोकळीक, असं एकदा लावून दिलं की घरात रोजची वादावादी राहत नाही. ट्रान्समिशनमध्ये यासाठी कासवाचं चित्र असतं.

नवं टॉरेंट सॉफ्टवेअर आपोआप मागे सरतं असं वाचलं होतं. ते खोटं का?

खोटं नाही, अर्धं आहे. यूटीपी नावाची टॉरेंटची माहिती पाठवायची पद्धत २०१०च्या सुमारास रुळली. त्यामागचा लेडबॅट हा नियम २०१२ साली आयईटीएफ या इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. वाटेत विलंब १०० मिलिसेकंदांपर्यंत वाढला की ही पद्धत स्वतःहून वेग उतरवते. कल्पना सुंदर आहे आणि बऱ्याच घरांत तिच्यामुळेच निभावतं. पण टॉरेंट जुन्या टीसीपी पद्धतीनेही बोलतं, आणि ती इतकी मवाळ नाही. आणि रजिस्टरच्या नोंदी तर यूटीपीनेही होतातच. मर्यादा हाताने घालणं म्हणून गरजेचं.

राउटर बदलू का?

आधी वरची सेटिंग करा, आठवडाभर बघा, मग पैसे काढा. बदलायचाच असेल तर खोक्यावरच्या मोठ्या एमबीपीएसच्या आकड्याला भुलू नका. विचारा की त्यात एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल, म्हणजे रांग तुंबू न देणारी सोय, आहे का. कोडेल ही रांग आवरायची युक्ती कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. एफक्यू-कोडेलमध्ये प्रत्येक संवादाला वेगळी छोटी रांग मिळते, म्हणून टॉरेंटच्या गठ्ठ्यांमागे कॉलचा आवाज अडकत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ही सोय मिळते. नुसत्या "क्यूओएस" (कोणाची माहिती आधी जाऊ द्यायची ते ठरवायची सोय) या शब्दावर विसंबू नका, त्या नावाखाली काहीही विकलं जातं.

फायबर ज्या डब्यात येते तोच बऱ्याच घरांत राउटरचंही काम करतो. नवा राउटर घेतलात तर त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देण्यावर, टाकायला सांगा, नाहीतर दोन रजिस्टरं एकामागे एक बसतात आणि जुनं आधी भरतं.

आणि हो, राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये असे तापलेले राउटर स्वतःच बंद-चालू होताना मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि बोल मात्र टॉरेंटला लागतो.

व्हीपीएन लावलं की त्रास थांबतो. हे कसं?

व्हीपीएन म्हणजे सगळी माहिती आधी एका दूरच्या सर्व्हरकडे नेणारी सोय. ती कॉम्प्युटरवरच चालत असेल तर टॉरेंटची सगळी कनेक्शनं एका बोगद्यातून जातात आणि राउटरला एकच नोंद करावी लागते. रजिस्टरच भरत होतं याचा हा चांगला पुरावा आहे, घरच्या राउटरचं किंवा पुढे कंपनीच्या उपकरणाचं. इलाज मात्र कनेक्शनांची मर्यादा हाच.

कंपनीचं उपकरण मध्ये कुठून आलं?

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात संपत आले, म्हणून अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे बरेच ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तिथे एका ग्राहकाच्या वाट्याला ठरावीक पोर्ट, म्हणजे कनेक्शनांसाठीचे क्रमांक, येतात. ते टॉरेंटने खाल्ले की घरचा राउटर मोकळा असूनही नवी पानं उघडत नाहीत. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून येणारं कनेक्शन थेट आपल्या कॉम्प्युटरकडे वळवायची सेटिंग) रात्री जागवू नका, सीजीनॅटमागे ते पोहोचत नाही. सार्वजनिक आयपी हवा असेल तर कंपनीकडे मागा.

कंपनी मुद्दाम टॉरेंट अडवते का?

असं घडलेलं आहे. अमेरिकेत २००७ साली कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटॉरेंटची कनेक्शनं मधल्यामध्ये खोटे संदेश घालून तोडते, हे रॉब टोपोल्स्की या ग्राहकाने शोधून काढलं. २००८ मध्ये तिथल्या एफसीसी या नियामकाने कंपनीविरुद्ध आदेश दिला, २०१० मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे कंपनीने सगळ्या वापराला सारखंच वागवावं अशा, शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये त्या स्वीकारल्या.

पण ओळखायचं कसं? अडवणूक असेल तर टॉरेंट मंदावेल आणि बाकी नेट धडधडीत चालेल. तुमच्याकडे टॉरेंटमुळे बाकीचं नेट जात असेल तर तो संशय सोडा. महिन्याच्या ठरावीक जीबीनंतर वेग एकदम उतरला तर ती प्लॅनमधली एफयूपी मर्यादा आहे, अ‍ॅपमध्ये वापर तपासा.

आमच्या घरात कोणी टॉरेंट वापरतच नाही, तरी लक्षणं हीच आहेत.

अपलोड खाणारे इतरही असतात. गावाहून लग्न उरकून आलेला फोन वायफाय मिळाल्या मिळाल्या हजारभर फोटो क्लाउडवर चढवू लागतो. क्लाउडवाला सीसीटीव्ही कॅमेरा दिवसरात्र अपलोड करतो. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे. तिच्यातला इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरचा पर्याय निवडलेला असेल तर तुमचा कॉम्प्युटर अपडेटचे तुकडे अनोळखी लोकांना वाटतो, म्हणजे टॉरेंटसारखंच. तो फक्त घरच्या नेटवर्कपुरता ठेवा. कोण खातंय ते विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये, नेटवर्क या भागात दिसतं.

आणि "कोणी वापरत नाही" हे एकदा खरंच तपासा. विश्वासाचा प्रश्न नाही, पण कॉलेजात असताना टाकलेलं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक वेळी आपोआप सुरू होत असतं आणि मालकाला पत्ताही नसतो.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागतो तेव्हाही टॉरेंटच कारण का?

नाही. एलओएस हा दिवा लाल लुकलुकला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. टॉरेंटने हे होऊ शकत नाही. फायबर कुठे घडी पडून दुमडली आहे का बघा, ओढू नका, आणि फोन करा.

टॉरेंट वापरणं गुन्हा आहे का?

पद्धत गुन्हा नाही. उबंटू, लिब्रेऑफिस टॉरेंटने अधिकृतपणे मिळतात, इंटरनेट आर्काइव्हवरची पुस्तकं आणि ध्वनिफिती मिळतात. परवानगी नसलेला सिनेमा घेणं-देणं हे कॉपीराइट कायदा, १९५७च्या विरोधात जातं, आणि टॉरेंटमध्ये घेताना तुम्ही देतही असता हे विसरू नका.

मुलगा रात्रंदिवस टॉरेंट लावतो, माझे ऑनलाइन क्लास बंद पडतात. त्याला कसं सांगू?

एका काकूंचा गाण्याचा क्लास असाच बंद पडत होता. परदेशातल्या मुली शिकायला बसायच्या आणि तानपुऱ्याचा सूरच तुटायचा. मुलाला वाटायचं आई उगाच ओरडते, कारण त्याच्या खोलीत डाउनलोड व्यवस्थित चालू असायचं. मी दोघांना शेजारी बसवलं, पिंगची खिडकी उघडली आणि टॉरेंट चालू-बंद करून आकडे दाखवले. १८ वरून ९०० आणि परत १८. मुलाने स्वतःच मर्यादा घातली आणि क्लासच्या वेळा वेळापत्रकात भरल्या. तेव्हा ओरडू नका, आकडे दाखवा.

एवढं सगळं करूनही नेट गेलंच तर फोनवर काय सांगू?

"नेट चालत नाही" एवढ्यावर समोरचा माणूस राउटर ऑफ-ऑन करा याहून जास्त सांगूच शकत नाही. असं सांगा: "सगळे टॉरेंट आणि बॅकअप बंद आहेत. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून राउटरचा पिंग २ मिलिसेकंद येतोय, ८.८.८.८ चा रात्री ९ वाजून १० मिनिटांनी तुटला आणि ४ मिनिटांनी आला. एलओएस दिवा बंद होता." असा फोन आला की मी थेट लाइन तपासायला निघतो.